साल ठरवणे : सातारा-सांगलीतील चाकरी, उचल आणि कारखाना

येत्या वर्षी कामाला किती माणसे लागतील, ती कोठून आणावयाची, त्यांना काय द्यावयाचे आणि वर्ष संपेपर्यंत ती टिकावीत म्हणून काय करावयाचे, या विचाराला आज मनुष्यबळाचे नियोजन म्हणतात, आणि हा विषय मोठ्या कंपन्यांबरोबर बाहेरून आला असा सर्वसाधारण समज आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास पाहता तो समज टिकत नाही. येथील बागायतदार, गुऱ्हाळवाला, हळदीचा व्यापारी आणि परमुलखात सोने-चांदी गाळण्याची भट्टी घालून बसलेला गलाईवाला यांना हा विचार दरवर्षी करावाच लागला, आणि त्यासाठी बोलीभाषेत 'साल ठरवणे' हा नेमका शब्दप्रयोगही रुळला. साल म्हणजे वर्ष, आणि साल ठरवणे म्हणजे एका वर्षाच्या चाकरीच्या अटी तोंडी मुक्रर करणे. या व्यवहाराच्या मुळाशी 'उचल' असे, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी चाकरी करणाऱ्याच्या हाती पडणारी आणि पुढे त्याच्या कमाईतून वळती होणारी रक्कम. या भागातील धंद्यांनी माणसे कशी मिळवली आणि कशी गमावली याचा इतिहास मोठ्या अंशी या उचलीचा इतिहास आहे, आणि ज्यांनी उचलीपलीकडे जाऊन माणसाच्या घराचा आणि शिक्षणाचा विचार केला त्यांचे उद्योग वेगळ्या तऱ्हेने वाढले असे त्यातून दिसते.

दोन्ही जिल्हे मुळात एकच होते. 1949 साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेला सह्याद्रीच्या पायथ्याशी भरपूर पाऊस आणि कृष्णा, कोयना, वारणा यांची खोरी, तर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत असा कायम दुष्काळी पट्टा, ही या मुलखाची रचना आहे. एका अंगाला हंगामात हात अपुरे पडत आणि दुसऱ्या अंगाला रिकामे हात पोट भरण्याची वाट शोधत, त्यामुळे माणसांची ये-जा आणि त्यांची आगाऊ बेगमी या दोन गोष्टी येथे निसर्गानेच घालून दिल्या होत्या.

आगाऊ रक्कम देऊन वर्षाची माणसे बांधून घेण्याची सर्वांत ठळक जुनी पद्धत शेतीत नव्हे तर लष्करात आढळते. 1708 पासून सातारा ही छत्रपतींची राजधानी होती, आणि मराठ्यांच्या मोहिमा पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाच्या सुमारास निघत. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत: सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराला मोहिमेपूर्वी 'नालबंदी' दिली जाई. शब्दशः पाहिल्यास हा घोड्याच्या नालांचा खर्च, परंतु व्यवहारात ती घोडे आणि सरंजाम सज्ज करून वेळेवर हजर होण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम होती. मिरज आणि सांगली येथील पटवर्धनांना पेशव्यांकडून जो सरंजाम मिळाला, म्हणजे फौज बाळगण्याच्या अटीवर जो मुलूख लावून दिला गेला, त्याचाही अर्थ दरवर्षी ठरावीक स्वार उभे करण्याची जबाबदारी असाच होता. कोणाला किती वेतन आणि किती नेमणूक हे 'तैनात जाबत्या'त, म्हणजे वेतनाच्या नियमबद्ध यादीत लिहिले जाई, आणि वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज 'बेहेड्या'त मांडला जाई. आज एखादा कारखानदार पुढील वर्षाच्या पगाराचा जो तक्ता करतो त्याचे पूर्वज या कागदांत सापडतात.

मात्र हा अंदाज वारंवार चुकत असे. मुलुखातून वसूल कमी आला की स्वारांची देणी तुंबत आणि मग शिबंदी, म्हणजे पगारी फौज, सरदाराच्या दारी 'धरणे' धरून बसे. देणेकऱ्याच्या दाराशी ठाण मांडून त्याचा नित्यव्यवहार रोखून धरावयाचा, अशी ही रीत होती. धरणे हा आजही कामगार चळवळीतला रोजचा शब्द आहे, आणि थकलेल्या वेतनाच्या वसुलीशी त्याचे नाते इतके जुने आहे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गावगाड्यात याच्या नेमकी उलट व्यवस्था होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट हे बलुतेदार वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीला खळ्यावर, म्हणजे मळणीच्या जागी, धान्याचा ठरलेला वाटा घेत. त्या वाट्याला बलुते म्हणत. दरवर्षी नवा करार करावा लागत नसे, कारण काम वंशपरंपरेने चालत आलेले असे. मालकाच्या दृष्टीने यापेक्षा निर्धास्त व्यवस्था सुचणार नाही. परंतु जो निर्धास्तपणा एका बाजूला होता तोच दुसऱ्या बाजूला सक्ती होऊन बसला होता, आणि महार वतनाच्या नावाखाली एका समाजाला जे अहोरात्र राबवून घेतले गेले त्यात ही सक्ती सर्वांत कठोर रूपात दिसते. बालपणाची काही वर्षे साताऱ्यात काढलेल्या आणि 1900 मध्ये तेथील इंग्रजी शाळेत दाखल झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच बंधनाविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा होण्यास पुढे 1958 साल उजाडले.

बलुतेदार गावाचा, तर सालगडी एका घराचा. बलुत्याच्या व्यवस्थेत न बसणारी, नांगरट, पेरणी, मोटेचे पाणी, जनावरांची वैरण आणि राखण ही रोजची कामे करण्यासाठी मोठा शेतकरी गुढीपाडव्याला वर्षाचा गडी ठेवी. चैत्र शुद्ध प्रतिपदेला शेतीचे जुने वर्ष संपलेले असते, रब्बीचे धान्य घरात आलेले असते आणि खरिपाची मशागत पुढे दिसत असते, म्हणून पाडव्याची निवड पंचांगापेक्षा शेतीच्या हिशेबाने झाली असे मानणे योग्य ठरेल. साल ठरताना रोख किती, धान्य किती मण, अंगावरचे कपडे, पायताण आणि घोंगडे किती, दोन वेळची भाकरी मालकाच्या घरची की नाही, सणाला आणि गावच्या यात्रेला किती दिवस मोकळे, आणि 'खाडा' झाला, म्हणजे ठरल्याबाहेर गैरहजेरी पडली, तर किती वळते करावयाचे, हे सर्व बोलून घेतले जाई. अलीकडच्या नेमणूकपत्रात जी कलमे येतात त्यांपैकी बहुतेक यात आहेत. नाही ती सही, कारण करार शब्दाचा असे आणि गावातील दोन जाणती माणसे त्याला साक्षी असत.

या पद्धतीत काही गोष्टी खऱ्या अर्थाने शहाणपणाच्या होत्या. घोंगडे आणि पायताण हे दानधर्म म्हणून दिले जात नव्हते. रात्री पाणी धरणाऱ्या आणि काट्याकुट्यांतून जनावरे हिंडवणाऱ्या माणसाला जे लागते ते धन्याने पुरवावे हा त्यातला विचार होता, आणि कामाची साधने व संरक्षणाची सामग्री मालकाने द्यावी हे तत्त्व कारखान्यांच्या कायद्यात येण्यापूर्वी ते येथे रूढ होते. चांगला गडी गमावण्याची भीतीही खरी होती. पाडवा जवळ आला की शेजारचा शेतकरी त्याला जास्त सालाचे आमिष दाखवीत असे, त्यामुळे जाणता धनी होळीच्या आधीच पुढच्या सालाची गोष्ट काढीत असे.

दोष होता तो उचलीत. लग्न, आजारपण किंवा दुष्काळ यांपायी गड्याने सालापेक्षा अधिक रक्कम उचललेली असली की वर्षअखेर हिशेब त्याच्या अंगावर निघे, ते फेडण्यासाठी दुसरे साल त्याच घरी, त्यातून पुन्हा उचल, असे चक्र सुरू होई. ज्याचे साल पाडव्याला संपावयाचे त्याचे ते कधीच संपत नसे, आणि बापाचे देणे मुलाच्या चाकरीतून फिटे. ऑक्टोबर 1975 मध्ये वटहुकमाने आणि 1976 मध्ये संसदेच्या कायद्याने वेठबिगारी, म्हणजे कर्जापोटी बांधून घेतलेली चाकरी, देशभर बेकायदा ठरली आणि अशी देणी रद्द झाली. जी रक्कम माणसाला वर्षभरासाठी आणण्याकरिता दिली जाते तीच त्याला जन्मभर अडकवू शकते, ही जाणीव कायद्यात उतरण्यास इतका काळ जावा लागला हे खेदाचे आहे.

हंगामी धंद्यांत प्रश्न संख्येपेक्षा कसबाचा होता. कृष्णाकाठी उसाचा रस आटवून गूळ करणाऱ्या गुऱ्हाळात दहाबारा माणसे लागत, पण गुऱ्हाळाचे यश एका माणसावर अवलंबून असे, आणि तो म्हणजे गुळव्या. काहिलीत, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या पसरट कढईत, रस कोणत्या क्षणी उतरवावयाचा हे तो फेसाच्या रंगावरून आणि पाकाच्या तारेवरून ओळखी. आधण, म्हणजे एका वेळी काहिलीत चढवलेला रस, घटकाभर पुढे गेले तरी गूळ काळवंडे आणि मागे राहिले तर ढेप बसत नसे, म्हणून ऊस उभा असतानाच गुळव्याला उचल देऊन पक्के करण्याची धडपड चाले. हे ज्ञान कागदावर कोठेच नव्हते. चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या पोराने काही हंगाम शेजारी उभे राहून ते उचलावयाचे, हीच त्याची शाळा.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खोदली होती, आणि तेथेही असेच कसब लागे. पेव हे अरुंद तोंडाचे व आत रुंद होत जाणारे भूमिगत कोठार असते. तोंड लिंपून बंद केल्याने हवा तुटते आणि माल किडीपासून वाचतो. पण तीच हवाबंद स्थिती माणसाच्या जिवावर उठू शकते, म्हणून पेव उघडल्यावर काही काळ थांबून, आत दिवा सोडून तो तेवतो की नाही हे पाहिल्यावरच माणूस उतरे. हे जाणणारी माणसे थोडी, आणि सांगलीच्या पेठेतील हळदीचा व्यवहार त्यांच्यावर अवलंबून. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले, त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला, आणि त्या माणसांच्या जाणतेपणाला गिऱ्हाईक उरले नाही.

पश्चिमेकडील पाटण, जावळी आणि कराडच्या डोंगरी भागातील माणसे मात्र फार पूर्वीपासून कामासाठी मुंबईची वाट धरीत होती. कापडगिरण्यांत आणि गोदीत, तसेच मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर ओझी वाहण्यात सातारकरांची संख्या मोठी होती. पाटण तालुक्यातील मंद्रुळ कोळे या गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या माथाडी, म्हणजे डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांना संघटित केले आणि 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्याचा एक मालक ठरत नाही, जो आज या दुकानात आणि उद्या त्या दुकानात माल उतरवतो, त्याची नोंद मंडळाकडे व्हावी, मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक आकार मंडळात भरावा आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी मिळावे, ही त्यातील योजना. असंघटित कामगाराला मधल्या मुकादमाच्या मर्जीतून सोडवणारा इतका व्यवहार्य कायदा देशात क्वचितच झाला असेल.

साल, बलुते आणि उचल या तिन्हींपासून दूर जाण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच मुलखात 1910 साली झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक होते, आणि हक्काची बढती डावलली गेल्याने त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे सुरुवातीला नांगरांना गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे धंदा उभा राहतो तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे 32 एकर माळरानाची जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊन त्यांना बोलावून घेतले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन आले. आजच्या मोजमापाने हा अगदी लघुउद्योग होता.

त्यांच्यापुढे उभा असलेला प्रश्न साधा नव्हता. सालगडी गावातच मिळतो, पण ओतकाम, कातकाम आणि जोडकाम जाणणारा माणूस कुंडलच्या माळावर मिळणे शक्य नव्हते. बाहेरून आणलेला माणूस तेथे एक पावसाळाही काढील याची खात्री नव्हती. लक्ष्मणरावांनी यावर जे उत्तर काढले ते उचलीचे नव्हते. त्यांनी यंत्रांबरोबरच घरे बांधण्यास सुरुवात केली. पुढे किर्लोस्करवाडी म्हणून ओळखल्या गेलेल्या या वसाहतीची आखणी आणि कारभार त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्याकडे होता. पाणी, दुकान, शाळा, दवाखाना या गोष्टी हळूहळू उभ्या राहिल्या, आणि वाडीत अस्पृश्यता पाळू नये असा दंडक राहिला. पगार हा वर्षाअखेरचा हिशेब न राहता महिन्याची खात्री झाला, आणि कुटुंब सोबत असल्याने कामगाराचे मन गावाकडे ओढ घेईनासे झाले. माणूस टिकावा असे वाटत असेल तर त्याच्या घराला तेथे मूळ धरू द्यावे लागते, ही समज किर्लोस्करवाडीच्या उभारणीत सर्वत्र दिसते.

दुसरी गोष्ट माणसांच्या निवडीची. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार होते, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत, के. के. कुलकर्णी पडेल त्या कामाची व्यवस्था पाहत, आणि शाळेत पुढे न गेलेले अनंतराव फळणीकर यंत्ररचनेत कल्पक ठरले.  काम करता करता ज्याचा कल ज्या बाजूला दिसला ती बाजू त्याच्याकडे सोपवली गेली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे शिक्षा भोगून आलेले होते आणि लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर वाडीच्या राखणीचे काम सोपवले, ते त्यांनी विश्वासाने निभावले. ज्या काळात सरकार संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवीत होते त्या काळात हा निर्णय घेणे धाडसाचे होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या संस्थानातच पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली, आणि व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती.

तिसरी गोष्ट म्हणजे संवाद. 1920 साली शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. ते प्रथम कारखान्याचे, त्याच्या मालाचे आणि माणसांचे वृत्तपत्र होते आणि पुढे मराठी वाङ्मयात नामांकित झाले, हे सर्वज्ञात आहे. परंतु एका खेड्यातील कारखान्याने आपल्या माणसांना कारखान्याची हालहवाल छापून सांगावी, हा विचार त्याच्या वाङ्मयीन कीर्तीइतकाच महत्त्वाचा आहे. किर्लोस्करांनी ऊस गाळण्याचे लोखंडी चरकही बनवले. ज्या गुऱ्हाळाच्या मनुष्यबळाचा वर उल्लेख आला, त्याच्या कामाची पद्धतही अशा रीतीने याच कारखान्याने बदलली.

औंधच्याच आश्रयाने 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि त्याच्या 'प्रभाकर' कंदिलाने घराघरांत प्रवेश केला. काच फुंकणे ही कला दख्खनच्या खेड्यात अपरिचित होती. तिची माणसे घडवण्यासाठी लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावात 1908 मध्ये काचकारखाना काढला होता, आणि कारखान्यापूर्वी शाळा लागते ही गोष्ट त्या पिढीने ओळखली होती. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा नांगर आणि इंजिने तयार करणारा कारखाना उभा राहिला. या तिन्ही उद्योगांशी एका माणसाचा संबंध आला: भाऊराव पाटील. त्यांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावे पालथी घातली, कूपर यांच्या कारखान्यासाठीही काम केले, आणि त्या भटकंतीत शिक्षणावाचून अडलेला शेतकरी जवळून पाहिला. 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. या मुलखातील कारखान्यांना पुढील दोन पिढ्या वाचता-लिहिता येणारा कामगार मिळाला त्याचे श्रेय कोणत्याही उद्योजकापेक्षा या वसतिगृहांना अधिक आहे.

स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने आले. सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने आणि रेठऱ्यात कृष्णेच्या काठी ते उभे राहिले तेव्हा उसाबरोबर हजारो तोडकऱ्यांची गरज निर्माण झाली, आणि उचल नव्या आकाराने परतली. कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला पावसाळ्यातच रक्कम देतो, मुकादम ती टोळीत वाटतो, आणि दिवाळीच्या सुमारास टोळ्या बीड, अहिल्यानगर, तसेच जत-आटपाडीकडून नदीकाठी उतरतात. टोळीची गणना माणसांवर नव्हे तर कोयत्यावर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचलही कोयत्यावर ठरत असल्यामुळे बाईच्या श्रमाची वेगळी नोंद कोठेच होत नाही, आणि या मोजणीतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे. उचल घेऊन टोळी न आल्याने बुडालेले वाहनमालक गावोगाव आहेत, आणि फड संपला तरी उचल न फिटल्याने पुढच्या हंगामाला बांधली गेलेली कुटुंबे त्याहून अधिक आहेत. दोन्ही बाजूंचे नुकसान एकाच मुळातून होते, कारण सर्व विश्वास एका मध्यस्थाच्या हाती सोपवलेला असतो आणि राहण्याची जागा म्हणून पालापलीकडे काही दिलेले नसते.

छोट्या धंद्याने माणसांचा प्रश्न स्वतःच्या बळावर सोडवल्याचे उदाहरण पाहावयाचे तर खानापूर-आटपाडीच्या माळावर जावे लागते. विटा आणि आसपासच्या दुष्काळी गावांतील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी भारतातील बहुतेक मोठ्या शहरांत पसरली आहेत. सोनाराकडचा मोड मुशीत वितळवून, टंच काढून, म्हणजे शुद्धतेचा अंश ठरवून, शुद्ध धातू परत द्यावयाचा, हे काम विश्वासाचे असल्याने परक्या माणसावर सोपवता येत नाही. म्हणून गलाईवाला वर्षाची माणसे गावाकडून, भावकीतून आणि पाहुण्यांतून नेत आला. मुलगा दुकानातच राहतो, तेथेच जेवतो, यात्रेला किंवा लग्नसराईत गावी येतो, आणि काही वर्षांत हात बसला की जुन्या मालकाच्या ओळखीवर दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी मांडतो. आपला माणूस कधीतरी सुटून जाणार हे येथे तोट्याचे मानले गेले नाही. तो गेल्याने धंद्याचे जाळे वाढते असाच हिशेब धरला गेला. भट्टीचा आणि तेजाबाचा धूर श्वासात जाणाऱ्या या मुलांच्या आरोग्याकडे मात्र त्याच प्रमाणात लक्ष दिले गेले नाही, आणि या धंद्याच्या कौतुकात ही बाब झाकली जाऊ नये.

आज कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत दहावीस माणसांवर चालणारे कारखाने आहेत. त्यांना भविष्यनिर्वाह निधी, शिकाऊ उमेदवार आणि बोनस यांच्या कायद्यांच्या चौकटीची ओळख आहे. कात्यावर बसणारा चांगला कारागीर पुण्याला निघून जातो ही त्यांची नेहमीची अडचण असते, आणि तिच्यावर उचल वाढवून देणे हाच उपाय बहुतेकांना सुचतो. कुंडलच्या माळावर पंचवीस माणसांच्या कारखान्याने जी वाट धरली तीत भाड्याच्या खोलीची सोय, मुलांच्या शाळेची चौकशी आणि नवशिक्याला दुसऱ्या यंत्रावर हात बसवू देणे या गोष्टी येतात, आणि त्यांचा खर्च बुडालेल्या उचलीपेक्षा कमी आहे.

मिरजेतील शाळाशिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील कागद निवडून 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध केला, म्हणून सरदारांच्या फौजेची देणीघेणी आज वाचता येतात. सालगड्याचे साल, गुळव्याची उचल आणि गलाईच्या दुकानातील पोरांचा हिशेब ज्यांत उतरला त्या कीर्दी आणि खतावण्या मात्र अजून घरोघरच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी आहेत. ज्यांच्या घरी अशी एखादी वही असेल त्यांनी ती रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवावी.